उकळले तरी मीठ उरते

नेवासा तालुक्यातील एका आजींचा रक्तदाब काही केल्या आटोक्यात येत नव्हता. वय सत्तरीपुढचे. गोळ्या वेळेवर, लोणचे-पापड बंद, भाजीत मीठ बेताचे. दोनदा मी औषधाची मात्रा वाढवली. पुढे पायांवर सूज दिसू लागली, तेव्हा सूनबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, बोअरचं पाणीसुद्धा मी आईंना वीस मिनिटं उकळून देते हो." माझी चूक मला त्या क्षणी उमगली. जेवणातील मिठाची चौकशी मी दर भेटीत केली होती. पाण्याची एकदाही नाही.

पाणी तपासले. लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम निघाले. दोन लिटर पाण्यातून ८०० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमांच्या आत सांगितली आहे. उकळल्याने जंतू मरतात, थोडी चुनखडी तळाशी बसते. मीठ मात्र जागचे हलत नाही. उलट पाणी आटते, तसे ते अधिक खारट होते.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला हे दुखणे नवे नाही. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी काळ्या जमिनीत पोहोचले आणि ऊस उभा राहिला. पण जेथे निचरा नीट झाला नाही, तेथे भूजल वर आले. उन्हाने पाणी वर नेले आणि क्षार मागे ठेवले. श्रीरामपूर-राहुरीकडच्या काही शिवारांत जमिनीवर फुटलेला पांढरा थर हीच कथा सांगतो.

आजींचा नातू हे ऐकून म्हणाला, "मग तेच ऊन पाणी गोडं करणार नाही का?" प्रश्न मार्मिक होता. भाताच्या पातेल्यावरील झाकण उचलले की त्याला लागलेले थेंब गोडेच असतात, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. आतून काळी केलेली उथळ पेटी, तिच्यात खारे पाणी आणि वर उतरती काच: सौर ऊर्ध्वपातन यंत्र म्हणतात ते एवढेच. चिलीतील लास सालिनास येथे १८७२ सालीच या तत्त्वावर मोठा प्रकल्प उभारला गेला. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे.

अडचण उत्पन्नाची आहे. साधी पेटी चांगल्या उन्हात चौरस मीटरला दिवसाकाठी दोन ते चार लिटर पाणी देते, कारण उष्णता सारे पाणी तापवण्यात आणि काचेवाटे बाहेर जाण्यात खर्ची पडते. म्हणून संशोधकांनी पाण्यावर तरंगणारे काळे, सच्छिद्र पदार्थ शोधले. ते वातीसारखे पाणी थोडेथोडे वर ओढतात आणि उष्णता पृष्ठभागावरच धरून ठेवतात. अमेरिकेतील एमआयटीमध्ये २०१४ साली कार्बनचा असा दुपदरी थर तयार झाला. पुढे वरून जाळून कोळसा केलेले लाकूडही याच कामी आले. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा पदार्थ, वापरून चौरस मीटरला ताशी सुमारे तीन किलो पाण्याची वाफ मिळवली. तरी वाफ होणे वेगळे आणि ती थंड होऊन भांड्यात पडणे वेगळे. शिवाय छिद्रांत मीठ साचले की पदार्थाचा वेग मंदावतो. तेव्हा या नावाखाली कोणी महागडी वस्तू दारी आणली, तर भुलू नका.

मात्र दोन-चार लिटर हा आकडा मला तुच्छ वाटत नाही. गावाची तहान त्याने भागणार नाही; घरातील एका वृद्ध माणसाचे पिण्याचे पाणी त्यात बसते. पेटी करायचीच असेल, तर आतल्या रंगाचा वा प्लास्टिकचा वास पाण्याला लागू देऊ नका आणि सुरुवातीच्या काही दिवसांचे पाणी टाकून द्या. जमलेले पाणी झाकलेल्या स्वच्छ भांड्यात ठेवा व पिण्यापूर्वी उकळा, कारण साठवणीत जंतू शिरू शकतात. काही कीटकनाशके आणि तेलकट द्रव्ये वाफेबरोबर येतात. तसा संशय असलेले पाणी पेटीत घालूच नका. या पाण्यात खनिजे जवळजवळ नसतात, म्हणून दूध, डाळी, भाज्या आहारात हव्यातच. बॅटरीसाठी विकले जाणारे पाणी मात्र कधीही पिऊ नये.

प्रथम आपल्या बोअरचे पाणी शासकीय प्रयोगशाळेत तपासून घ्या. एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असे भारतीय मानक सांगते. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले जाते. सोडियम, नायट्रेट व फ्लोराइडही पाहायला सांगा. तो कागद रक्तदाबाच्या नोंदवहीत ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर किती पाणी प्यावे हे त्यांनाच ठरवू द्या.

आजींसाठी आम्ही तूर्त शुद्धीकरण केंद्रातील जारचे पाणी सुरू केले. सूज उतरली आणि वाढवलेली एक गोळी काही महिन्यांनी कमी करता आली. जेवणातले मीठही याच काळात आणखी घटले होते, त्यामुळे सारे श्रेय पाण्याला देता येणार नाही. पण मागच्या भेटीत त्या स्वतःच म्हणाल्या, "आता तहान लागली की पाणी प्यावंसं वाटतं." खारट पाण्यापायी त्या इतकी वर्षे घोट घोट पाणी टाळत होत्या, हेही मला तेव्हाच कळले.