कलम ९२ आणि १०० काय शोभेला ठेवलीयत?

औषध एवढं महाग का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "संशोधनाला खर्च येतो हो." येतो, मान्य. पण हे आकडे बघा.

किडनी-लिव्हरच्या कॅन्सरवरचं नेक्साव्हर. बायर कंपनीचा भाव महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये. २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नाटकोला सक्तीचा परवाना दिला. तेच औषध ८,८८० रुपयांत मिळायला लागलं. बायरला रॉयल्टीही ठरवून दिली, आधी ६ आणि नंतर ७ टक्के. बायर मुंबई हायकोर्टात गेली, सुप्रीम कोर्टात गेली, दोन्हीकडे हरली.

म्हणजे गोळी बनवायला लाखो लागत नव्हते. दुसऱ्या कुणाला ती बनवायची मुभा नव्हती, एवढंच.

त्यानंतर असे किती परवाने दिले? एकही नाही. "जगाची फार्मसी" म्हणून मिरवणाऱ्या देशात आजवर एकच!

एसएमए झालेल्या लेकरांचं रिसडिप्लाम घ्या. रोश कंपनीची एक बाटली ६ लाखांच्या वर. २०२५ च्या ऑक्टोबरात नाटकोची बाटली १५,९०० रुपयांना आली. सरकारने आणली? छे! दिल्ली हायकोर्टाने नाटकोला रोखायला नकार दिला, सुप्रीम कोर्टानेही हात घातला नाही, म्हणून आली. तोवर आईबाप कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते.

आता मुद्द्याचं. पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली कुणीतरी अर्ज करावा लागतो. पण कलम ९२ आणि १०० खाली केंद्र सरकार स्वतःहून पाऊल उचलू शकतं. निकड असेल, सरकारी दवाखान्यांसाठी औषध हवं असेल, तर पेटंट असतानाही दुसऱ्याकडून बनवून घेता येतं. पेटंटवाल्याला मोबदला मिळतोच. कारखाने आहेत, केमिस्ट आहेत, कायदाही आहे. नाही ती सही करायची हिंमत.

आणि आपण काय करतो? "मदतीचं आवाहन" फॉरवर्ड करतो, शंभर-पाचशे पाठवतो. जरूर पाठवा. पण त्या पैशातला किती औषधाला जातो आणि किती मक्तेदारीला, तेही विचारा.

खासदार पुढच्या वेळी आरोग्य शिबिराची रिबीन कापायला आले की एवढंच विचारा: "साहेब, कलम १०० वर संसदेत तुम्ही कधी तोंड उघडलंत?"

उत्तर काय मिळालं ते कमेंटमध्ये लिहा.