कटिंग चहा सोडून घर होत नाही

मुलुंड, बोरिवलीकडच्या सोसायट्यांच्या हॉलमध्ये हल्ली रविवारी पैशाचं नियोजन शिकवणारे वक्ते येतात. त्यातल्या एकाचं म्हणणं इतक्या जणांनी मला कौतुकानं ऐकवलं की आता उत्तर देणं भाग आहे. ते म्हणतात, पगारदार माणूस बुडतो तो किरकोळ खर्चापायी. स्टेशनबाहेरचा चहा, वडापाव, पावसात केलेली रिक्षा बंद करा, वाचलेले पैसे गुंतवा, पंधरा वर्षांत स्वतःचं घर होईल. ज्यांचं होत नाही, त्यांना शिस्त नाही.

मला चीड आहे ती या शेवटच्या वाक्याची. पण आधी हिशेब करू, कारण तो या वक्त्यांनी कधी शेवटपर्यंत केलेलाच नसतो.

अंधेरीला नोकरी करणारा माणूस पंधरा रुपयांचे दोन चहा रोज पितो असं धरा. कामाचे पंचवीस दिवस म्हणजे महिन्याला 750 रुपये, वर्षाला 9,000. हे सगळे पीपीएफमध्ये घातले आणि 7.1 टक्के व्याज पंधराही वर्षं टिकलं, तरी हाती येतात अडीच लाखांच्या आतच. आता घराकडे या. 1 कोटीचाच फ्लॅट धरू. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून 6 टक्के, म्हणजे 6 लाख रुपये. नोंदणीचे 30,000 वेगळे. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सुटतो, तरी 5 लाख उरतातच. पंधरा वर्षं चहाला तोंड न लावता जे साठलं, त्यात नुसतं मुद्रांक शुल्कसुद्धा निम्मं भरून होत नाही. त्या पंधरा वर्षांत फ्लॅटची किंमत आहे तिथेच थांबेल, असं तर वक्तेही म्हणणार नाहीत. आणि टपरीवरच्या त्या दहा मिनिटांत कुठे जागा निघाली, कुठला साहेब बदलला, कुणाला किती पगारवाढ मिळाली हे कळतं. चांगल्या नोकऱ्या अशाच बोलण्यातून मिळालेल्या मी पाहिल्या आहेत. त्या मिळकतीचा रकाना वक्त्यांच्या तक्त्यात नाही.

रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये आहे. तुंबलेल्या पाण्यातून चालत जाऊन ते वाचवणारा माणूस लेप्टोच्या तपासणीत त्याच्या कितीतरी पट घालवतो.

भिशीलाही ते नावं ठेवतात, व्याज मिळत नाही म्हणून. अडचणीच्या महिन्यात आपला नंबर पुढे घेता येतो, हे त्यांना ठाऊक नसावं.

'शिस्त नाही' हा आरोप जुनाच आहे. याच पठडीतली माणसं पूर्वी भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना उधळे म्हणायची. आता तीच भाड्यानं राहण्यातलं शहाणपण सांगतात. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवी दलाली आणि वाढीव डिपॉझिट भरणाऱ्याची बाजू मात्र त्यांनी तेव्हाही घेतली नाही, आताही घेत नाहीत. आणि शिस्त पाळणाऱ्यांचं काय होतं तेही पाहा. सप्टेंबर 2019 मध्ये भांडुपला मुख्यालय असलेल्या एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि खातेदारांना सहा महिन्यांसाठी फक्त 1,000 रुपये काढायची मुभा उरली, पुढे ती टप्प्याटप्प्यानं वाढली. ठेवींना विमा होता एक लाखाचा. तो पाच लाखांचा झाला फेब्रुवारी 2020 मध्ये. शाखेसमोर रडत उभे होते ते निवृत्त लोक आयुष्यभर काटकसर करणारे होते. त्यांनी आणखी किती चहा सोडायला हवे होते?

मग करायचं काय? पगार झाल्याच्या दिवशी ठरलेली रक्कम बाजूला काढावी. उरलेला पैसा खर्चावा, आणि मन न खाता खर्चावा. सगळी पुंजी एका बँकेत ठेवू नये. आरोग्य विमा तब्येत धड असतानाच घ्यावा. आणि डोळ्यात तेल घालून पाहायचं ते गृहकर्जाच्या दराकडे. 60 लाखांचं वीस वर्षांचं कर्ज 9 टक्क्यांनी असेल तर हप्ता सुमारे 53,984 रुपये, साडेआठ टक्क्यांनी 52,069. फरक महिन्याला 1,900 च्या वर, म्हणजे त्या चहाच्या अडीचपट. नव्या ग्राहकाला कमी दर आणि जुन्याला चढा, हे सर्रास चालतं. तेव्हा वर्षातून एकदा बँकेत जाऊन आपला दर विचारावा, कमी दरावर नेण्यासाठी अर्ज द्यावा. दर उतरला की हप्ता कमी करून घेऊ नये. तोच हप्ता चालू ठेवला तर वरच्या उदाहरणातलं कर्ज जवळपास पावणेदोन वर्षं आधी फिटतं. बोनसमधून मुद्दल फेडलं तर आणखी लवकर. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचं असेल तर मुदतीआधी फेडण्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही. हॉलमध्ये पुढच्या रविवारी कुणी बोलणार असेल, तर त्यानं यावर तासभर बोलावं.