शेड जळाली, पुढे काय?



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री फाट्यावरच्या मिस्त्रींची शेड जळाली, हे आता सर्वांस ठाऊक आहे. कारखान्याचा बंब वेळेत पोचला, तरी आतल्या गाड्यांपैकी दोनच ढकलून बाहेर काढता आल्या. माणूस कोणी दगावले नाही, ही देवाची कृपा. पण ती आग विझली आणि दुसरी पेटली. चावडीवर, दूध डेअरीत, गट ऑफिसात एकच विषय : भरपाई कोण देणार? गाडीवाले मिस्त्रींच्या दारात, मिस्त्री दार लावून आत. दोघा सभासदांनी तर कारखान्यानेच भरपाई द्यावी, असा अर्ज केला आहे. म्हणून हे चार शब्द लिहिणे आम्हांस भाग पडले.

हे मिस्त्री साधे गॅरेजवाले नव्हेत. जुनी जीप आणून द्यावी आणि सांगाल तशी करून घ्यावी. कोणाला लांब बॉडी, कोणाला रुंद टायर, कोणाला बंपरवर दिव्यांची दिवाळी. हौस पोरांची आणि ऊसबिल बापाचे! पण हात असा की, पत्र्याचा जोड बोटाने चाचपूनही सापडू नये.

पंचनाम्यात कारण शॉर्ट सर्किट आहे. आपल्याकडे दुसरे काही सापडले नाही की शॉर्ट सर्किट लिहितात, ते असो. त्या संध्याकाळी उशिरापर्यंत शेडमध्ये कटिंग चालू होते, हे शेजाऱ्यांनी पाहिले आहे. ग्राइंडरची ठिणगी सीटच्या फोममध्ये किंवा गोणपाटात पडली, तर तासन् तास आत धुमसत राहते आणि सगळे झोपल्यावर पेट घेते. त्याच छपराखाली रंगाचे आणि थिनरचे डबे होते. थिनर आणि पेट्रोल यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते. वेल्डिंग आणि रंगकाम एका छपराखाली करू नये, हे मिस्त्रींना माहीत नव्हते असे नाही. जागा नव्हती, हे त्यांचे म्हणणे खरे आहे, पण ते पुरेसे नाही. एवढा दोष त्यांचा आहे आणि तो आम्ही झाकणार नाही.

आता आपले बघू. आमच्यापैकी एकाची जीपही त्या शेडमध्ये होती. गाडी दिली त्याची चिठ्ठी नाही. मिस्त्रींना काय वाटेल, ही भीड! टाकी अर्धी भरलेली, बॅटरीची वायर काढलेली नाही. जळालेल्या बहुतेक गाड्यांची हीच कथा. आणि पॉलिसी? नुसती थर्ड पार्टी. ती कायद्याने सक्तीची, म्हणून काढायची आणि विमा आहे असे समजून निर्धास्त राहायचे. तिच्यात स्वतःच्या गाडीच्या आगीचा रुपयाही मिळत नाही. ज्यांनी पूर्ण पॉलिसी घेतली होती तेही सुटले नाहीत. आरटीओकडे नोंदलेल्या मूळ बनावटीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. कंपनीचा सर्व्हेअर नेमके तिथेच बोट ठेवील.

कोर्टात जाऊ, असे काही जण म्हणतात. जरूर जावे, तो हक्क आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १५१ सांगते की, कामासाठी ताब्यात घेतलेली वस्तू, शहाणा माणूस स्वतःची जपतो तितकी जपली पाहिजे. कलम १५२ म्हणते, तेवढे जपूनही नुकसान झाले, तर वेगळा करार नसल्यास तो जबाबदार नाही. जपले होते हे दाखवायचे मात्र त्यानेच. म्हणजे दावा अगदीच पोकळ नाही. पण निकाल लागेस्तोवर किती हंगाम जातील, आणि वसूल कशातून करणार? जळक्या पत्र्यातून?

हा हौसेच्या गाड्यांचा धंदा अमेरिकेत फार मोठा. लॉस एंजेलिसजवळ लिनवुड येथे जॉर्ज बॅरिस यांचे असेच वर्कशॉप होते. डिसेंबर १९५७ मध्ये ते जळाले आणि डझनभराहून अधिक मोटारी राख झाल्या. हाताने ठोकून घडवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही अशा. तरी बॅरिस पुन्हा उभे राहिले. १९६६ साली टेलिव्हिजनवर आलेल्या ‘बॅटमॅन’ची ती काळी मोटार त्यांच्याच वर्कशॉपची. फोर्ड कंपनीची एक जुनी नमुना-मोटार घेऊन त्यांनी ती बनवली, आणि २०१३ साली ती लिलावात चाळीस लाख डॉलरांवर गेली. आमचे मिस्त्री बॅरिस नव्हेत, आणि आपली जीप कोणी लिलावात घेणार नाही, हेही कबूल. पण आपले नुकसान थोडेबहुत भरून निघायचे असेल तर ते त्या हातांतूनच निघेल. हात बसवून ठेवला तर सगळेच बुडाले.

अर्जाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. कारखान्याने भरपाई देऊ नये. हा पैसा सर्व सभासदांचा. ज्याच्या दारात सायकल आहे त्याचाही. मात्र हंगाम सुरू होईपर्यंत कारखान्याच्या वर्कशॉपमागची रिकामी जागा मिस्त्रींना वाजवी भाड्याने द्यावी, रंगकाम वेगळ्या छपराखाली आणि वाळूच्या बादल्या व पावडरचे सिलिंडर हाताशी, या अटीवर. हा विषय आम्ही वार्षिक सभेत मांडणार आहोत. ज्यांना पटत नाही त्यांनी तिथे उभे राहून बोलावे, डेअरीत नको.

गाडीवाल्यांना इतकेच सांगणे की, विम्याचा दावा केला असेल तर सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत सांगाडा भंगारवाल्यास देऊ नये. गाडी पुरती नष्ट झाली असेल तर चौदा दिवसांत, किंवा होईल तितक्या लवकर, आरटीओला कळवावे लागते. ज्यांचे दिवस उलटले त्यांनी उद्याच जावे.

आणखी एक. शेडमध्ये सहा पोरे कामाला होती. पान्हे, हातोड्या, ग्राइंडर त्यांनी आपापल्या पैशाने घेतलेले होते, तेही गेले. भरपाईच्या इतक्या गोष्टी झाल्या, त्यांत या पोरांचे नाव कोणी काढले नाही. त्यांच्यासाठी एक वही आम्ही गट ऑफिसात ठेवली आहे. पैसे नकोत, घरात पडून असलेले हत्यार आणून द्यावे आणि वहीत लिहावे.