चॉटनची बुजवलेली खिडकी

जेन ऑस्टेनच्या घराविषयी लिहिताना लेखक हटकून दोन वस्तूंपाशी थांबतात : ते चिमुकले बाराकोनी टेबल आणि ते करकरणारे दार. कुणी येऊ लागले की दार वाजे आणि लेखिका कागद दडवी, ही कथा तिच्या भाच्याने, जेम्स एडवर्ड ऑस्टेन-ली याने, तिच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने लिहिलेल्या चरित्रातली. आम्हांला मात्र हॅम्पशायरमधल्या चॉटन गावच्या या घरातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती रस्त्याकडची बुजवलेली खिडकी. (तिची नोंदही त्याच भाच्याची, फरक एवढाच की भिंत अजून साक्षीला उभी आहे.)

घर सतराव्या शतकातले, तांबड्या विटांचे, एके काळी सराई म्हणून वापरलेले. सराईला रहदारी हवीच. म्हणून ते थेट विंचेस्टरच्या हमरस्त्याला खेटून आहे. धनिक नातलगांना दत्तक गेलेल्या एडवर्ड या भावाने १८०९ साली ते विधवा आई, दोघी बहिणी आणि त्यांची मैत्रीण मार्था लॉइड यांना राहायला दिले. दिवाणखान्याची रस्त्याकडची मोठी खिडकी बुजवून तिथे पुस्तकांचे कपाट झाले आणि बाजूला बागेकडे दुसरी पाडली गेली. इंग्लंडात १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, त्यामुळे अशी बुजवलेली खिडकी दिसली की कराकडे बोट दाखवले जाते. पण एक बुजवून दुसरी पाडल्यावर कर वाचणार कसा? इथे प्रश्न प्रतिष्ठेचा होता. सराईच्या प्रवाशांना रस्ता दिसावा लागे; कुलीन पण परावलंबी स्त्रिया रस्त्याला दिसू नयेत, अशी अपेक्षा होती. घर तेच, तोंड मात्र फिरले.

एवढ्यावरून कोंडलेल्या लेखिकेचे करुण चित्र रंगवणे आम्हांला मान्य नाही. विटा दृष्टी अडवतात, आवाज नव्हे. रात्री धावणाऱ्या गाड्यांचा तो आवाज भाची कॅरोलाइन हिने पुढे आठवणीने नोंदवला आहे. शिवाय याच घरात लिहिलेल्या ‘एमा’ची नायिका एका दुकानाच्या दारात उभी राहून गावचा रस्ता न्याहाळते : खाटीक, टोपलीवाली म्हातारी, हाडकावरून भांडणारी कुत्री. काहीच घडत नाही, आणि तिचे मन रमते. हा प्रसंग वर्गात शिकवताना टेबलाचे छायाचित्र बाजूला ठेवून त्या आंधळ्या खिडकीचे दाखवावे, असे आम्ही सुचवतो.