विश्लेषण : कूलरचा गारवा गच्चीवरच का गळतो?

नवतपा लागला की सदरमध्ये, रेसिडेन्सी रोडमागच्या गल्ल्यांत काय नि मंगळवारी बाजाराच्या बाजूला काय, गच्च्यांवर एकच घरघर सुरू असते. वर मोठा कूलर, त्यातून निघालेला पत्र्याचा डक्ट आणि खाली दोन-तीन खोल्यांत उघडणाऱ्या जाळ्या. २३ मे २०१३ रोजी नागपूरने ४७.९ अंश अनुभवले आहेत. इथे कूलर ही चैन नव्हे. तरी भर दुपारची तक्रार ठरलेली : कूलर धडधडतो, पण खोलीत वारा येत नाही. मग मोटर बदलली जाते, नाहीतर हप्त्यावर एसी येतो. डक्टकडे मात्र कुणी चढून बघत नाही.

पारा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या भिजलेल्या पॅडमधून निघणारी हवा २७-२८ अंशांची असते. म्हणजे कूलरच्या तोंडाशी गारवा भरपूर आहे. तो हरवतो वाटेत. पत्र्याचे सांधे, वळणाचे कोपरे, भिंतीत शिरतानाची फट या गळतीच्या जागा. सगळ्यांत दुबळा असतो कूलर आणि डक्ट यांना जोडणारा कॅनव्हासचा पट्टा. पंख्याचा हादरा पत्र्यात जाऊ नये म्हणून तो लावतात, आणि ऊन-पावसात तोच आधी फाटतो.

अमेरिकेत घरोघरी डक्ट असतात. तिथल्या सरकारच्या ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रमानुसार, सर्वसाधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा गळती आणि सदोष जोडणीमुळे वाया जाते. आपले डक्ट तर गच्चीवर, थेट उन्हात. त्यामुळे मार दुहेरी बसतो : हवा गळाली की उरलेली संथ होते, तापलेल्या पत्र्यात जास्त वेळ रेंगाळते आणि जाळीपर्यंत येता येता कोमट होते.

मोठ्या मोटरने हे भरून काढणे महागात पडते. त्याच डक्टमधून २० टक्के जास्त हवा ढकलायची, तर पंख्याला वीज लागते जवळपास पावणेदोन पट. वर जास्त दाबाने त्याच फटींतून गळतीही वाढते.

तपासणी सोपी आहे. कूलर चालू असताना सांध्यांजवळ ओला हात किंवा पेटती उदबत्ती फिरवली, की धूर कुठे उडतो ते दिसते. मग वीज बंद करून, प्लगही काढून (विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक जीव घेतो), धूळ पुसून, सांधा कोरडा करून सीलंट भरावा आणि वर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. फाटका कॅनव्हास शिवत बसू नये, बदलावा. नुसती कापडी टेप उन्हात टिकत नाही. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने १९९८ मध्ये डक्ट बुजवण्याच्या साहित्याची चाचणी घेतली, त्यात ‘डक्ट टेप’ असे नाव मिरवणारी टेपच सपशेल नापास झाली!

डक्ट बुजवायचा म्हणजे खोली बुजवायची नव्हे. एसीच्या सवयीने खिडक्या लावून कूलर चालवला, की दमट हवा कोंडते आणि अंग चिकचिकते. आलेल्या हवेला जाळीच्या समोरच्या बाजूने वाट हवीच.

खरी अडचण वेगळीच आहे. भाड्याच्या घरात डक्ट मालकाचा असतो आणि बिल भाडेकरूचे. महावितरणच्या बिलात ३०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर चढतो. तो चढ मालकाच्या खिशाला लागत नाही, म्हणून फाटका पट्टा वर्षानुवर्षे तसाच फडफडत राहतो. एसीवर कार्यक्षमतेचे तारे छापलेले असतात, पत्रेवाल्याने बनवलेल्या डक्टवर काहीच नसते. घर घेताना नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतात, तसे गच्चीवर जाऊन डक्टही पाहावा, आणि पट्टा कोण बदलणार हे अनामत देण्याआधीच ठरवून घ्यावे.