आधी बंद करून पाहा
संगणक अडला की ‘बंद करून पुन्हा चालू करा’ म्हणणाऱ्याला आपण अडाणी समजतो. पण घरगुती दुरुस्तीतला सर्वांत शास्त्रशुद्ध उपाय हाच आहे. चालू यंत्राच्या रॅममध्ये अर्धवट कामं आणि चुकलेले हिशेब साचत जातात. वीज तोडली की रॅम रिकामी होते आणि यंत्र कोऱ्या पाटीने सुरू होतं. उदाहरणार्थ, विंडोज ९५ मधला मिलिसेकंदांचा मोजक सुमारे ४९.७ दिवसांनी भरायचा आणि संगणक गोठायचा. सलग २४८ दिवस वीज चालू राहिल्यास बोइंग ७८७ विमानाची जनित्र-नियंत्रकं एकदम बंद पडू शकतात, हे कळल्यावर २०१५मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानेही ठरावीक काळाने वीज बंद करण्याचाच आदेश दिला. विमानाला जे चालतं, त्यात आपल्या राउटरला कमीपणा कसला? कुणी म्हणेल, ही वरवरची मलमपट्टी. मूळ रोग तसाच राहतो. कधीकधी राहतो, आणि तेच निदान ठरतं: बिघाड परतला नाही तर पैसे वाचले, वारंवार परतला तर दोष खोल आहे, तेव्हा कारागिराकडेच जावं. म्हणून जमेल तेवढं काम सेव्ह करा, प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा. पाकीट त्यानंतर उघडा.