भीड ही भिकेची बहीण



‘विश्वास पानिपतात गेला’ असे आपण पारावर हसत हसत म्हणतो. म्हणतो, आणि संध्याकाळी कोऱ्या कागदावर सही करून घरी येतो. आज आम्हाला या सहीबद्दल बोलायचे आहे.

बैलबाजारात आपण काय करतो ते आठवा. बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. खांदा दाबतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. विकणारा समोर उभा असतो. तो म्हणत नाही, “पाटील, माझ्यावर विश्वास नाही का?” उलट जो दात पाहू देत नाही त्याच्या बैलात खोड आहे, हे शेंबड्या पोरालाही कळते. ज्वारीचे घरचे बी पेरायचे तरी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवले ते मोजतो. बी आपल्याच रानातले, आईने आपल्या हाताने निवडून ठेवलेले. तरी मोजतो. आईला त्याचे वाईट वाटत नाही.

मग असा तपासून घेणारा माणूस पैसा आणि नाते एकत्र समोर आले की डोळे का मिटतो? अडाणी म्हणून नव्हे, भिडेपोटी. ‘विचारले तर त्याला काय वाटेल?’ हा विचार म्हणजे गुलाबी बोंडअळी. वरून बोंड शाबूत दिसते. फोडले की आत सरकी पोखरलेली.

कापसाचेच घ्या. वेचणी चालू आहे, मजुरीला पैसे हवेत. ओळखीचा व्यापारी दारात येतो, ओसरीवर चहा होतो. “काका, भाव चढणार. माल आज नेतो, थोडी उचल घ्या, बाकी पैसे संक्रांतीनंतर. क्विंटलला दोनशे जास्त.” हातात एक चिठोरा येतो. त्यावर वजन असते. भाव नाही, तारीख नाही, सही नाही. आमच्यातल्या काहींनी असाच कापूस घातला. पहिल्या वर्षी पैसे आले. दुसऱ्या वर्षीही आले. तिसऱ्या वर्षी त्याच्या घराला कुलूप दिसले. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न आला, “कागद काय आहे?” आम्ही चिठोरा पुढे केला. पुढे काय झाले ते सांगायला नको. पहिली दोन वर्षे आम्ही त्याला प्रामाणिक समजत होतो. तो पेरणी करत होता.

आता हिशेब मांडा. वीस क्विंटल कापूस, सात हजारांचा भाव, म्हणजे एक लाख चाळीस हजार. जास्तीचे दोनशे धरले तर चार हजार. चार हजारांच्या आशेने आपण लाखाहून जास्त रक्कम उघड्यावर टाकली. उधारीवर माल देणे म्हणजे कर्ज देणेच आहे! आपण बँकेत कर्ज मागायला गेलो तर बँक सातबारा मागते, आठ-अ मागते, इतर बँकांचे बेबाकी दाखले मागते. बँकेला कोणी म्हणते का, “साहेब, विश्वास नाही का?” आणि आपण लाखाचे कर्ज देतो ते एका चहावर.

सोयऱ्याचे प्रकरण याहून अवघड. मेहुणा येतो. “दाजी, फक्त सही करायची, बाकी मी पाहतो.” भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचे कलम १२८ सांगते की करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘फक्त सही’ असे काही नसतेच. हप्ते थकले की नोटीस तुमच्याही दारात येते, आणि त्या दिवाळीपासून बायकोचे माहेर तुटते. नाते प्रश्नाने तुटत नाही, नोटिशीने तुटते. म्हणून सहीच्या आधी विचारा: कर्ज किती, कशासाठी, फेडणार कशातून? एवढे विचारूनही सही करायची तर तेवढ्याच रकमेची करा, जेवढी बुडाली तरी तुम्ही त्याला मेहुणा म्हणू शकाल.

आणि तो तिसरा कागद. सावकार म्हणतो, “नावापुरते खरेदीखत, पैसे फेडलेस की जमीन तुझीच.” ही जुनीच गोष्ट आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेला मिळेना. आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, सावकाराचा हात सैल झाला. युद्ध संपले, भाव कोसळले, कागद मात्र राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले, आणि गावोगाव त्यांनी जाळले ते सावकारांचे रोखे आणि वह्या. त्यानंतर १८७९ चा कायदा आला. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा न्यायालयाला मिळाली, पावती आणि हिशेब मागायचा हक्क कर्जदाराला मिळाला. ‘पावती दे’ हे दोन शब्द आपल्या पणजोबांनी तुरुंगात जाऊन मिळवले आहेत. आपण ते भिडेपोटी गिळतो! आज २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने अशी गेलेली जमीन परत मागण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. पण तिथेही पुरावा लागतो.

पैसे दुप्पट करणारे तर आपल्यातूनच येतात. एजंट कोण? भाचा, शाळामास्तर, देवळातला सोबती. पीएसीएल या कंपनीने शेतजमिनीच्या नावावर देशभरात साडेपाच कोटींहून जास्त लोकांकडून सुमारे ४९,१०० कोटी रुपये जमवले. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने ते परत करण्याचा आदेश दिला, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी लोढा समिती नेमावी लागली. एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या दराने किसान विकास पत्रात पैसे दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. जो तीन वर्षांत दुप्पट म्हणतो त्याला एकच विचारा: कोणत्या रानात पिकवणार?

कोणी म्हणेल, मग काय कोणावरच भरवसा ठेवायचा नाही? सगळेच चोर?

नाही. ज्याला सगळेच चोर दिसतात त्याचे इर्जिक होत नाही, त्याच्या अडीनडीला कोणी येत नाही. शंका विचारणे वेगळे आणि संशय पोसणे वेगळे. शंका तोंडावर विचारतात आणि उत्तर पटले की मिटते. संशय पाठीमागे बोलतो आणि कधी मिटत नाही. खरा माणूस प्रश्नाला घाबरत नाही. जो चिडतो, “एवढाही विश्वास नाही का?” म्हणतो, त्याने दात दाखवायला नकार दिला, एवढे समजा.

आता बोट आपल्याकडेही वळवू. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तलाठ्याकडे जायचे म्हणून बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला आपण सांगतो, तेव्हा ते वाचून दाखवतो का? तिने विचारले तर आपल्या कपाळाला आठी पडते का? पडत असेल तर व्यापाऱ्याला नावे ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. आणि आम्ही, जे या सभेची वर्गणी गोळा करतो, त्या आमच्याकडेही पावती मागा. हिशेब मागा. तुम्ही मागितला नाही तर आम्हीही उद्या ढिले पडू.

येत्या हंगामापुरते एवढे ठरवू. वजन, भाव, तारीख आणि सही असल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. बियाण्याचे पक्के बिल आणि रिकामी पिशवी पीक निघेपर्यंत जपायची. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की बियाणे घेणारा शेतकरीही ग्राहक आहे; पण बिलच नसेल तर ग्राहक कोण? वाचून घेतल्याशिवाय सही नाही. आणि मोठा व्यवहार घरातल्या बाईला सांगितल्याशिवाय नाही, कारण बुडाल्यावर तिचेच डोरले मोडले जाते.

एकट्याला विचारायची लाज वाटते. गावातले दहाजण विचारू लागले की ती रीत होते. उद्या ओसरीवर चहा होईल तेव्हा चहा जरूर पाजा. आणि कप खाली ठेवायच्या आत म्हणा, “भाऊ, चिठ्ठीवर भाव लिहा.”